दाढीच्या टोकावरचा बुडबुडा

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा हातात घेऊन उजेडात फिरवून पाहा. डोक्यापासून निघून कानावरून खांद्यावर आणि तिथून थेट पायापर्यंत उतरलेली एक बारीक रेघ दिसेल. साच्याच्या पुढच्या आणि मागच्या अर्ध्या भागांचा तो सांधा. पुण्यात कुंभारवाड्यात दिवाळीआधी हे मावळे ढिगाने मांडलेले असतात. बहुतेकांची तलवार अंगाला चिकटलेली, हनुवटी गळ्यात विरघळलेली, हात कमरेशी घट्ट. कारागिराचा हात कच्चा म्हणून असं होत नाही. प्लॅस्टरचा साचा कडक असतो आणि मूर्ती त्यातून सरळ बाहेर यावी लागते. आत वळलेली एखादी जागा राहिली की मूर्ती अडकलीच. म्हणून मावळ्याचा घाट कारागिराइतकाच साचाही ठरवतो.

गेली काही वर्षं मी घरी रेझिनचे, म्हणजे द्रव ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे, छोटे अर्धपुतळे ओततो. रंगवणारी मंडळी त्यांना ‘बस्ट’ म्हणतात. खऱ्या माणसाच्या एक दशांश मापाचा, डोक्यापासून छातीपर्यंत साधारण ६० मिलिमीटर उंचीचा चेहरा. त्यात पापणीची कड, ओठाची मुरड, पगडीचा प्रत्येक पीळ हवा, कारण रंगवणारा माणूस भिंग लावून, बारीक कुंचल्याने त्या पिळात सावली भरणार असतो. इथे कडक साचा चालत नाही. इथे लागतं सिलिकॉन रबर.

सिलिकॉन रबराच्या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या एकाआड एक अणूंचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिथाइल गट लटकलेले असतात. या रचनेतून दोन गुण येतात. रबर स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट ताणलं जातं, त्यामुळे हनुवटीखालची खोबण किंवा कानामागची फट सोडवताना साचा नुसता वाकवायचा. आणि त्याच्या पृष्ठभागाला दुसऱ्या पदार्थाची ओढ फार कमी, म्हणून रेझिन त्याला चिकटत नाही. नक्कल उठवण्यात तर त्याचा हात धरणारं कोणी नाही. मूळ मूर्तीवर चुकून उमटलेला बोटाचा ठसासुद्धा पुढच्या प्रत्येक प्रतीवर रेघ न् रेघ उतरतो.

पण हे रबर नाजूक प्रकृतीचं असतं. त्यातल्या चांगल्या जातीत प्लॅटिनमचं संयुग उत्प्रेरक म्हणून घातलेलं असतं, तेही दहा लाखांत काही भाग इतकंच. गंधक, कथील किंवा अमाइन (नायट्रोजनची संयुगं) या गटातलं काही जवळ आलं, की ते प्लॅटिनमला धरून ठेवतं आणि रबर घट्ट होईनासं होतं. गंधक असलेली मॉडेलिंगची माती असो की हातातले लॅटेक्सचे मोजे, दोन्ही घातक. म्हणून मोजे नायट्राइलचे वापरायचे. मी पहिल्यांदा थ्रीडी प्रिंटरवर काढलेली मूळ मूर्ती साच्यात ठेवली तेव्हा हा नियम ठाऊक नव्हता. प्रिंटरच्या रेझिनचा न वाळलेला अंश पृष्ठभागावर राहिला होता. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर बाहेरून छान रबर, आणि मूर्तीला टेकलेला सगळा थर काकवीसारखा चिकट. पाऊण किलो महागडं रबर फेकावं लागलं. मूर्ती साफ करायला दोन दिवस लागले. आता छापलेली मूर्ती धुऊन, अतिनील दिव्याखाली पक्की वाळवून, वर ॲक्रिलिक लॅकरचा पातळ हात मारल्याशिवाय मी रबर उघडतच नाही.

साचा झाला की खरी झुंज सुरू होते. ती हवेशी आणि पाण्याशी.

आधी हवा. बुडबुडा द्रवातून किती वेगाने वर चढेल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर आणि द्रवाच्या दाटपणावर ठरतं. व्यास निम्मा झाला तर वेग पावपट होतो. मधासारख्या दाट सिलिकॉनमध्ये एक दशांश मिलिमीटरचा बुडबुडा तासाभरात जेमतेम एक मिलिमीटर चढतो आणि रबर त्याआधीच आवळायला लागलेलं असतं. थांबून तो निघून जाईल ही आशा फोल. म्हणून कालवलेलं रबर निर्वात भांड्यात ठेवतात. दाब उतरला की बुडबुडे फुगतात, अख्खं रबर उकळत्या दुधासारखं वर येतं, तीन-चार पट चढतं आणि मग एकदम खाली बसतं. भांडं निदान चौपट मोठं घ्या, नाहीतर टेबल पुसत बसावं लागतं.

या निर्वात पंपाची एक पुणेरी गंमत आहे. पंपाच्या काट्यावर ३० इंच पाऱ्यापर्यंत आकडे असतात आणि पुस्तकात २९ इंच गाठायला सांगितलेलं असतं. माझा काटा २८ च्या पुढे जाईना. सांधे तपासले, वॉशर बदलले, तेल बदललं. दोष पंपात नव्हताच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. इथे हवेचा दाबच सरासरी ९४८ मिलिबारच्या आसपास, म्हणजे २८ इंच पारा. काटा दाखवतो तो बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक, आणि जेवढा दाब बाहेर आहे त्याहून जास्त फरक येणार कुठून? मुंबईच्या माणसाचा काटा आपल्यापेक्षा दोन इंच पुढे जातो, यात पंपाची थोरवी काही नाही.

रेझिनचं गणित वेगळं. छंदासाठी बहुतेक जण पॉलियुरेथेन वापरतात. ऑटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीतल्या लेव्हरकुसेन इथे शोधलेलं हे रसायन. एका बाटलीत आयसोसायनेट, दुसरीत पॉलिऑल. दोन्ही तेलासारखी पातळ. एकत्र आली की रेणू साखळीत गुंफले जाऊ लागतात, उष्णता बाहेर पडते, आणि दोन-तीन मिनिटांत पेला हाताला कढत लागतो. पारदर्शक द्रव डोळ्यांदेखत हस्तिदंती रंगाचा होतो. कितीही वेळा पाहिलं तरी या क्षणाला मी हातातलं काम सोडून बघत राहतो.

या दोन-तीन मिनिटांत कालवायचं, ओतायचं आणि बुडबुडे घालवायचे. रेझिन पातळ असल्याने एक दशांश मिलिमीटरचा बुडबुडा इथे मिनिटाला साडेतीन मिलिमीटर चढतो. म्हणजे रेझिन घट्ट होईपर्यंत त्याचा प्रवास सेंटिमीटरभर. पुतळा सहा सेंटिमीटर उंच आहे.

म्हणून पुतळा उलटा ओततात, डोकं खाली आणि छातीचा तळ वर. बुडबुडे वर तळाकडे जमावेत, तिथे ते कोणाला दिसत नाहीत. पण उलट्या चेहऱ्यात काही जागा आपोआप छत बनतात. हनुवटीची खालची बाजू, कानाची पाळी, खाली झुकलेल्या मिशीची टोकं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे टोकदार दाढी. सरळ पुतळ्यात जे टोक खाली रोखलेलं असतं, ते साच्यात वर रोखलेलं असतं, आणि तिथे अडकलेल्या हवेला वाट नसते. माझ्या पहिल्या सरदाराची दाढी अशीच आखूड निघाली. भाची शेजारी बसून बघत होती. साचा उकलला आणि ती म्हणाली, “मामा, याची दाढी कुणी कापली?” भिंगाखाली बघितलं तर दाढीच्या टोकाला सुबक गोल खळगा होता. बुडबुड्याची तंतोतंत नक्कल.

यावर उपाय दोन. साच्यात आधी टाल्कम पावडर भुरभुरवून जादा झटकून टाकायची. पावडरीच्या कणांमधल्या फटीतून रेझिन शोषलं जातं आणि जिथे एरवी पृष्ठताणामुळे ते शिरत नाही तिथेही पोचतं. दुसरा उपाय खात्रीचा, तो म्हणजे दाबाची टाकी. भरलेला साचा टाकीत ठेवून कॉम्प्रेसरने सुमारे ४ बार दाब द्यायचा. बाहेरच्या हवेचा मुळातला एक बार धरला तर एकूण दाब पाचपट होतो, आणि दाब वाढेल तितक्या पटीने वायू आकसतो या बॉइलच्या नियमाप्रमाणे बुडबुड्याचं आकारमान पाचव्या हिश्शापर्यंत येतं. व्यास मात्र निम्म्याहून थोडा जास्तच उरतो, त्यामुळे नुसत्या दाबण्याने काम झालं असं म्हणता येत नाही. बाकीचं काम विरघळण्याचं. दाब वाढला की द्रवात वायू जास्त मुरतो, अगदी सोड्याच्या बाटलीसारखा, आणि बारीक बुडबुडे मुळातच नाहीसे होतात. रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत दाब सोडायचा नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरातला प्रेशर कुकर किंवा जुनी रंगाची टाकी यासाठी वापरू नका. २५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ४ बार दाब म्हणजे जवळपास दोन टनांचा जोर. टाकी तेवढ्या दाबासाठीच बनवलेली, तपासलेली आणि सुरक्षा झडप असलेली हवी.

आता पाणी. आयसोसायनेटला पॉलिऑलइतकीच पाण्याची ओढ असते आणि त्या भेटीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. आपल्या गादीतला फोम याच क्रियेने फुगवतात, तिथे पाणी मुद्दाम घालतात. आम्हाला ते नको असतं. हिशेब करून पाहिला तर धक्का बसतो. पाण्याचा एक थेंब पूर्णपणे या क्रियेत गेला तर पुण्याच्या दाबाला सुमारे ७० मिलिलिटर वायू सुटतो, आणि पुतळ्याला लागणारं सगळं रेझिन तीस-चाळीस मिलिलिटर. पहिल्या ऑगस्टमध्ये माझे पुतळे आतून अनारशाच्या जाळीसारखे निघाले. रेझिनची बाटली खराब आली असं वाटून मी नवी आणली, तीही आठवड्यात तशीच. बाटली उघडी राहिली होती, ढवळायला लाकडी काडी होती, पेला कागदी होता. तिन्हींनी दमट हवेतलं पाणी आत नेलं.

पुण्याला हवामानाची वेधशाळा आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे आलं म्हणून जुने पुणेकर त्या चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात. मी रेझिन उघडण्याआधी आर्द्रतेचा आकडा बघतो तो याच खात्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी ती ८० टक्क्यांच्या वर असते. एप्रिलच्या दुपारी ती तिसाच्याही खाली उतरते, पण तेव्हा उकाडा आडवा येतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे तीन मिनिटांची मुदत दीडवर येते आणि रेझिन पेल्यातच थिजतं. उन्हाळ्यात मी बाटल्या गार फरशीवर ठेवून पहाटे ओततो. पावसाळ्यात साचे दिव्याच्या उबेत वाळवतो, स्टीलची पट्टी आणि प्लॅस्टिकचा पेला वापरतो, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावतो. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, तेच पाणी साच्यावर शिंपडलं जाऊ शकतं. खरा हंगाम दिवाळीनंतरचा. हवा कोरडी, ऊन सौम्य.

हिवाळ्यातही एक खोड उरते. जाड छातीत उष्णता कोंडते आणि ती लवकर पक्की होते. शिरपेचाचा तुरा, मिशीचं टोक असे पातळ भाग मात्र उष्णता टिकवू शकत नाहीत, म्हणून मऊ राहतात. घाईने काढले तर वाकतात. वाकलेला तुरा कढत पाण्यात मिनिटभर धरला की रेझिन पुन्हा लवचीक होतं. मग बोटाने सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवायचा.

रंगवणाऱ्यांसाठी दोन सूचना. पुतळा हातात आला की आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रशने घासा. साच्याचं तेल अंगावर राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, तवंगासारखा फाटतो. सांध्याची रेघ घासताना पॉलिश पेपर ओला ठेवा आणि मास्क लावा, धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नका. ओतणाऱ्यांनी तर खिडकी उघडी ठेवून, योग्य फिल्टरचा मास्क लावूनच बसावं. आयसोसायनेटची एकदा ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दमा उठू शकतो.

साचाही म्हातारा होतो. प्रत्येक ओतकामात रेझिन रबराच्या पृष्ठभागातलं थोडं तेल ओढून घेतं, रबर कडक होत जातं, आणि तीस-चाळीस नगांनंतर आधी कानामागची पातळ भिंत फाटते. मग कानावर रेझिनचा पापुद्रा येऊ लागतो. विकत घेताना म्हणून आधी कान बघा.

आणि मोजपट्टीही लावा. रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आत. कोणी विकत घेतलेल्या पुतळ्यावरूनच चोरून साचा काढला तर हे आकसणं दुसऱ्यांदा होतं. मूर्तिकाराने महिना-महिना खपून घडवलेला चेहरा असा फुकट उचलला जातो याचा मला फार राग येतो. पण कॅलिपर ते पकडतो. अस्सल प्रत ६० मिलिमीटर भरली तर नक्कल ५९.७ च्या आसपास भरते. गेल्या महिन्यात एका मित्राने स्वस्तात मिळालेला पुतळा माझ्या टेबलावर आणून ठेवला. कॅलिपरवर ५९.७ आलं. भिंगाखाली धरला, तर दाढीच्या टोकाला तोच गोल खळगा होता.