मंजिष्ठेचा लाल आणि त्याची सोबत

परवा एका हातमाग प्रदर्शनात विक्रेत्या बाई सांगत होत्या, "सुती साडी आहे, मंजिष्ठेत रंगवलेली. केमिकल अजिबात नाही. नेसली की रक्त शुद्ध होतं." साडी सुरेख होती. पण सुतावर मंजिष्ठेचा, म्हणजे त्या वेलीच्या मुळांचा, लाल नुसता टिकत नाही. आधी हिरडा आणि तुरटी लागते. तुरटी केमिकल नाही तर काय?

खरी गंमत तुरटीतच आहे. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला चिकटतं आणि तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरून ठेवतं. त्या ॲल्युमिनियमला रंगाचा रेणू शेजारच्या दोन ऑक्सिजननी, खेकड्याच्या नांगीसारखा, पकडतो. ही पकड धुण्याने सुटत नाही. (इतका पक्का रंग रक्तात शिरणार कसा? आणि शिरत असेल, तर रंगारी कच्चा!)

असा रंग फार जुना. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेलं सुती कापड १९२०च्या दशकात आपल्या माटुंग्याच्या कापूस-संशोधन प्रयोगशाळेत गुलाटी आणि टर्नर या संशोधकांनी तपासलं. रंग मंजिष्ठेच्या वर्गातला असावा, इथवर ते पोचले. पण या वर्गातलं नेमकं झाड कोणतं?

आज त्यासाठी काही मिलिमीटर धागा पुरतो. रंग आम्लात सोडवायचा आणि क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले रेणू वेगळे करण्याच्या) बारीक नळीतून दाबाने ढकलायचा. एकेक रेणू आपापल्या वेळी बाहेर पडतो, त्याचं वस्तुमान मोजायचं. या मुळांतले दोन लाल रेणू घ्या: अलिझारिन २४०, पर्प्युरिन २५६; फरक एका ऑक्सिजनचा. युरोप-पश्चिम आशियातल्या मॅडरमध्ये, म्हणजे मंजिष्ठेच्या तिकडच्या बहिणीत, अलिझारिन भरपूर. आपल्या मंजिष्ठेत पर्प्युरिन आणि मुंजिस्टिन हा आणखी एक रेणू जास्त (नावातच मंजिष्ठा). मोरिंडोन हा रेणू निघाला तर ती आल, म्हणजे बारतोंडीचं झाड.

धाग्यातून रंग सोडवायला पूर्वी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरत. ते ॲल्युमिनियमची पकड सोडवतं, पण झाडाने रेणूला जोडलेल्या साखराही तोडतं. मॅडरच्या मुळात अलिझारिन दोन साखरांच्या जोडीला बांधलेलं असतं; ती जोडी गेली की झाडाच्या ओळखीची मोठी खूण गेली. म्हणून आता फॉर्मिकसारखं सौम्य आम्ल आणि सोबत ईडीटीए हे धातूला धरणारं रसायन वापरतात. ईडीटीएला स्वतःच्याच सहा नांग्या! ॲल्युमिनियम ते हिसकावून घेतं, साखरा शाबूत राहतात.

१८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझारिन प्रयोगशाळेत बनवलं. रेणू अगदी तोच, मग रंग मुळातला की कारखान्यातला, हे ओळखायचं कसं? सोबतीवरून. मुळातला रंग पर्प्युरिनसारखे भाऊबंद घेऊन येतो. कारखान्यातल्या जुन्या अलिझारिनबरोबर अँथ्रापर्प्युरिन नावाचं रसायन येतं, जे मॅडरच्या रंगात नसतं. धाग्यात ते दिसलं, की तो रंग १८६८च्या आधीचा नाही, विकणारा साडी कितीही पिढ्या जुनी सांगो.