मुक्कामाला राहिलेली सर्कस: सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खेळामागची पार्श्वभूमी

आपल्याकडे सर्कस येते आणि जाते. मैदानावर खांब उभे राहतात, गावभर पोस्टरं लागतात आणि महिना-दोन महिन्यांनी उरतात ती फक्त खुंट्यांची भोकं. विष्णुपंत छत्र्यांनी 1880च्या सुमारास भारतीय कलावंतांची सर्कस उभी केली, तेव्हापासून आपल्या मनातलं सर्कशीचं चित्र हेच आहे. ही फिरती सर्कस कुठल्याही एका गावाची होऊ शकत नाही, कारण उद्याचा मुक्काम दुसऱ्या गावी असतो. म्हणूनच सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागातल्या क्लब फुगाझीत 2021 साली ‘डिअर सॅन फ्रान्सिस्को’ हा खेळ सुरू झाला, त्याची कुळकथा समजून घेण्यासारखी आहे. शहराचं धुकं, 1906चा भूकंप, नॉर्थ बीचच्या बंडखोर कवींचा काळ असं सगळं कसरतींमधून मांडणारा हा खेळ आहे. शहरावर खेळ करायचा तर सर्कशीला आधी त्या शहरात बिऱ्हाड करावं लागतं. इथे ते कसं झालं, त्याची ही हकिकत.

सुरुवातीला सर्कस घरातलीच होती. लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने 1768 साली घोडेस्वारीचे खेळ सुरू केले आणि त्यातून पक्क्या बांधणीची रिंगणं तयार झाली. रिंगणाचा व्यास पुढे 42 फूट ठरला आणि आजही बहुतेक ठिकाणी तोच आहे. त्याला कारण घोडा. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत दौडला की तो आतल्या बाजूला झुकतो आणि पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तोल सांभाळणं सोपं जातं. वर्तुळ लहान केलं तर घोडा फार कलतो, मोठं केलं तर हा आधार कमी होतो. कापडी तंबू आला तो 1825च्या सुमारास, अमेरिकेत. तिथे गावं दूर दूर होती आणि प्रत्येक गावात लाकडी रिंगण बांधणं परवडत नव्हतं. तंबूने सर्कशीला पाय दिले, पण तिचं घर गेलं.

सॅन फ्रान्सिस्कोत सर्कस पोचली ती सोनं शोधायला लोटलेल्या गर्दीबरोबर. ऑक्टोबर 1849मध्ये जोसेफ रो याने तिथे आपली ऑलिम्पिक सर्कस उघडली. शहर तेव्हा अर्धंअधिक तंबूंचंच होतं. त्यानंतर शंभरएक वर्षं या बंदरात सर्कशी येत राहिल्या, जात राहिल्या. त्यात वेगळं सांगण्यासारखं फार नाही.

खरा बदल झाला 1970च्या दशकात. सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप ही नाटकमंडळी 1960च्या दशकापासून बागांमध्ये फुकट राजकीय नाटकं करत होती. त्या मंडळीतले पेगी स्नायडर आणि लॅरी पिसोनी यांनी सेसिल मॅकिननला सोबत घेऊन आधी जगलिंगचा एक चमू केला आणि 1975मध्ये पिकल फॅमिली सर्कस उभी केली. एक रिंगण, प्राणी नाहीत, डोक्यावर तंबू नाही. भोवती कनात, बसायला बाकांच्या पायऱ्या आणि सोबत जिवंत वाजणारा जॅझचा वाद्यवृंद. बाकं ट्रकमधून उतरवणारे हातच तासाभरात रिंगणात चेंडू झेलत. बिल अर्विन आणि जॉफ हॉइल हे पुढे नावारूपाला आलेले विदूषक इथलेच. शेवटचा खेळ सगळ्या मंडळीचा मिळून असे: सगळे जण एकमेकांकडे जगलिंगचे दांडके फेकत राहत. एकाने चुकवलं की सगळा गोफ विस्कटे, त्यामुळे त्यात एकटा नायक कोणीच नसायचा.

या सर्कशीचा हिशेब मला तिच्या कसरतींइतकाच मोलाचा वाटतो. दौऱ्यावर प्रत्येक गावी एखादी स्थानिक संस्था यजमान असायची, कुठे पाळणाघर, कुठे ज्येष्ठांचं केंद्र. तिकिटं खपवायची संस्थेने, कनातीबाहेरची खाण्याची आणि खेळांची दुकानं लावायची संस्थेने आणि त्यातली कमाईही संस्थेची. सर्कस गावातून पैसे उचलून नेत नव्हती, थोडे मागे ठेवून जात होती. या पद्धतीची कमजोर बाजूही उघड होती. यजमान संस्था नवखी असली की तिकिटं खपत नसत, आणि उघड्यावरचा खेळ असल्याने पाऊस आला की दिवस बुडे. 1990च्या दशकात कर्जाचा भार वाढून मूळ सर्कस बंद पडली.

तोपर्यंत तिने शहरात एक शाळा रुजवली होती. वेंडी पार्कमन आणि जुडी फिनेली यांनी 1984मध्ये सुरू केलेली ही शाळा गोल्डन गेट पार्कजवळच्या एका जुन्या हायस्कूलच्या व्यायामशाळेत भरू लागली. आज ती सर्कस सेंटर म्हणून ओळखली जाते. 1990मध्ये नानजिंगच्या कसरत मंडळाचे लू यी तिथे शिकवायला आले आणि चिनी पद्धतीची शिस्त आली: हातांवर उभं राहण्याचा रोजचा सराव, खांब आणि कड्यांमधून उड्या.

या कड्या जवळून पाहण्यासारख्या असतात. त्या हलक्या असतात, मधली मोकळी जागा जेमतेम खांद्यांपुरती, आणि एकीवर एक नुसत्या ठेवलेल्या असतात. त्या पक्क्या बसवत नाहीत, कारण पाय लागला तर कडी पडली पाहिजे, माणूस अडकता कामा नये. उडी घेताना आधी हात जातात, मग खांदे. कंबर वर राहिली पाहिजे आणि पाय शेवटपर्यंत ताणलेले. नवख्याची चूक बहुतेक वेळा एकच असते: डोकं पार झालं की तो जमिनीचा विचार करू लागतो, गुडघे वाकतात आणि पाऊल खालच्या काठाला लागतं. कडी पडली की कसलेला कलावंत तीच उडी पुन्हा मारतो आणि प्रेक्षक दुप्पट टाळ्या देतात.

पेगी स्नायडरची मुलगी जिप्सी या सर्कशीतच वाढली. शाना कॅरोल बर्कलीची. ती पिकलच्या कार्यालयात कामाला लागली आणि तिथून झुल्यावर चढली. पण या कलेचं पुढचं शिक्षण आणि पोट भरेल असं काम तेव्हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये होतं. तिथे 1981मध्ये राष्ट्रीय सर्कस शाळा निघाली होती आणि 1984मध्ये त्याच क्युबेक प्रांतात सर्क द्यू सोलेई ही सर्कस मंडळी उभी राहिली होती. शाना मॉन्ट्रियलला शिकली आणि सोलेईत झुल्यावर काम करू लागली. 2002 साली या दोघींसह सात जणांनी मॉन्ट्रियलमध्ये ‘सेव्हन फिंगर्स’ ही मंडळी काढली. फ्रेंचमध्ये घट्ट एकजुटीला ‘एका हाताची पाच बोटं’ म्हणतात, ती इथे सात झाली. यांच्या खेळात चेहरा रंगवलेले परग्रहावरचे जीव नसतात. साध्या कपड्यांतली माणसं असतात, स्वतःच्या नावाने बोलतात आणि बोलता बोलता खांबावर चढतात. पिकलची आठवण येते ती याच गुणामुळे.

घरी परतायला त्यांना एक वास्तू मिळाली. ग्रीन स्ट्रीटवरचं फुगाझी सभागृह, म्हणजेच आजचा क्लब फुगाझी, जॉन फुगाझी या बँकवाल्याने 1912-13च्या सुमारास इटालियन वस्तीसाठी बांधून दिलं. ऑक्टोबर 1959मध्ये जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकने इथेच एकट्याने पियानो वाजवून एक ध्वनिमुद्रिका केली. पुढे स्टीव्ह सिल्व्हरचा ‘बीच ब्लँकेट बॅबिलॉन’ इथे आला. 1974मध्ये जवळच सुरू झालेला हा प्रचंड टोप्यांचा विनोदी खेळ, शेवटच्या टोपीवर तर अख्खं शहर उभं असे. 31 डिसेंबर 2019ला तो संपला आणि वास्तू रिकामी झाली. लगेच महामारी आली. त्यानंतर जिप्सी आणि शाना यांनी ‘डिअर सॅन फ्रान्सिस्को’ रचला.

छोट्या सभागृहात सर्कस बसवायची म्हणजे आधी काय सोडायचं ते ठरवावं लागतं. एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेण्याचा खेळ इथे शक्यच नाही. त्याला जाळी लागते आणि तंबूएवढी उंची. म्हणून भर उरतो तो खांबावर, कड्यांवर, हातांवरच्या तोलावर आणि एकमेकांच्या अंगावर चढण्याच्या कसरतींवर.

त्यातला चिनी खांब मराठी प्रेक्षकाने मल्लखांब डोळ्यांसमोर ठेवून पाहावा. आपला पुरलेला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी, सुमारे साडेआठ फुटांचा, वर निमुळता, आणि त्याला एरंडेल तेल लावलेलं. पकड उघड्या अंगाची, म्हणून घासटणं कमी करायला तेल. चिनी खांब नेमका उलटा. साधारण दोन इंची पोलादी नळी, तिच्यावर रबराचं आवरण आणि वरून ताणाच्या तारा. इथे घर्षण हवंच असतं, म्हणून कलावंत पूर्ण बाह्यांचे जाड कपडे आणि रबरी तळाचे बूट घालतो. उघडी कातडी त्या रबरावर घसरली तर भाजल्यासारखी सोलवटते. वरून डोकं खाली करून सुटायचं आणि जमिनीपासून वीतभर वर थांबायचं, तर ब्रेक लावतात मांड्या आणि बुटांच्या कडा. आपल्याकडे ज्याला अढी म्हणतात तीच पकड, फक्त तेलाऐवजी रबरावर. घामाने आवरण ओलं झालं की हा ब्रेक उशिरा लागतो. तार सैल असली तर खांब डोलतो आणि थांबण्याचा अंदाज चुकतो. म्हणून खेळाआधी प्रत्येक तारेचा ताण हाताने तपासतात.

मोठ्या तंबूत हे काही दिसत नाही. फुगाझीत प्रेक्षक टेबलांभोवती, रंगमंचाला खेटून बसतात. तिथून खांबावर सुटलेल्या माणसाच्या बुटाचा रबरावर होणारा आवाज ऐकू येतो, आणि खाली उभे असलेले दोघे जण हात अर्धवट उचलून त्याच्या मानेकडे बघत असतात, तेही दिसतं.