कार्पल टनेल सिंड्रोम : निदानाच्या पद्धती

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडांची खोलगट पन्हाळ आणि तिच्यावरचा जाड आडवा पट्टा यांमुळे अरुंद बोगदा तयार होतो. त्यातून बोटे मिटवणाऱ्या ९ दोऱ्या (कंडरा) आणि मीडियन नस जाते. जागा अपुरी पडली की नस दबते, हाताला मुंग्या येतात; हाच कार्पल टनेल सिंड्रोम. मूठ आवळून आणि मनगट वाकवून तासन्‌तास चालणाऱ्या कामांत याचा धोका वाढतो. कोल्हापूर भागात म्हशींच्या धारा काढणारे, रापी-आरी चालवणारे चप्पल कारागीर, हुपरीचे चांदी कारागीर यांची कामे याच जातीची आहेत.

निदानाचा मोठा भाग विचारपूस हाच असतो. हाताच्या चित्रावर मुंग्यांची जागा रुग्णालाच रंगवायला सांगतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू रंगली, करंगळी कोरी राहिली, तर संशय बळावतो. ‘सगळाच हात बधिर होतोय’ म्हणणारा माणूसही नीट विचारल्यावर पुष्कळदा करंगळी वगळतो. तळव्याच्या बुडाची संवेदना शाबूत राहते, कारण तिकडे जाणारी फांदी बोगद्याआधीच फुटून बाहेरून जाते. दुसरा प्रश्न रात्रीचा. ‘रातच्याला उठून हात झटकत बसतोय’ हे वाक्य, आणि ते सांगताना केलेली झटकण्याची कृती, हीसुद्धा खूणच मानतात.

फेलन चाचणीत दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली करून, उलट्या नमस्कारासारखी मनगटे ६० सेकंद वाकवतात. डर्कन चाचणीत (१९९१) बोगद्यावर अंगठ्याने ३० सेकंद दाब देतात. दोन्हींत बोटांना मुंग्या येतात का ते पाहतात. मनगटावर टिचकी मारून बोटांत करंट येतो का पाहणे, ही टिनेलची खूण. फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी ती १९१५ मध्ये जखमी नसांसंदर्भात वर्णिली होती. यांपैकी एकट्या कोणत्याही चाचणीवर विसंबता येत नाही. अंगठ्याखालची उशी खपाटीला गेली असेल, तर उशीर झालेला असतो.

नसवाहकता चाचणीत (एनसीव्ही) मनगटाशी सौम्य झटका देऊन अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश किती वेळात पोचतो ते मोजतात. साधारण ४.२ ते ४.४ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर विलंब धरतात. नेमकी मर्यादा प्रयोगशाळेनुसार बदलते. गार हातात वहन आपोआप मंदावते. म्हणून थंडीत पहाटे मोटारसायकलवरून आलेल्या माणसाचा हात आधी ऊबदार करावा लागतो, नाहीतर निरोगी नसही आजारी दिसते. मधुमेहात इतर नसाही मंद असतात, त्यामुळे करंगळीच्या नसेशी तुलना करतात. सुरुवातीच्या काळात अहवाल चक्क नॉर्मल येऊ शकतो. सोनोग्राफीत बोगद्याच्या तोंडाशी सुजलेली नस दिसते. नसेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ १० चौरस मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असल्यास शंका घेतात. सोबत रक्तातील साखर व थायरॉइड पाहणे इष्ट.

हाताच्या मुंग्यांबद्दलचा ‘मानेची शीर दबली’ हा घरगुती निष्कर्ष मात्र सहज जात नाही. चाळिशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज अनेकांना दिसते, त्यामुळे तो एक्स-रे मनगटाला निर्दोष ठरवत नाही. काहींमध्ये मान आणि मनगट दोन्हीकडे दाब असतो.