लसीची सक्ती की लसीची अट? कोर्टानं नेमकं काय म्हटलं होतं

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात एक काका आहेत. कोविड लसीचा विषय निघाला की त्यांचं वाक्य ठरलेलं : "सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, लस बेकायदा होती." त्यावर दुसरे काका हमखास म्हणणार, "लस न्हवं ओ, सक्ती बेकायदा होती." पहिल्या काकांचं मी सोडून दिलंय. दुसऱ्यांचं निम्मं बरोबर असतं आणि घोळ त्या निम्म्यातच आहे. महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसावर कोविड लसीची सक्ती सरकारनं कधी केलीच नव्हती. होती ती अट.

मथळे करणारेही याला जबाबदार आहेत. 'बंधनकारक', 'अनिवार्य', 'सक्तीचे' यांतला कुठला शब्द वापरायचा, हे ओळीत जागा किती उरलीय ते बघून ठरतं. त्यात काहीजण 'व्हॅक्सिन मँडेट' म्हणतात. आपल्याकडे मँडेट म्हटलं की लोक मतमोजणी कधी आहे ते विचारतात.

सक्ती म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. हेल्मेटवरून आपली पुरेशी भांडणं झाली आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ म्हणतं की दुचाकीवर बसलात की हेल्मेट हवं. नसेल तर पावती फाटते. झालं, पुढे जाऊ.

अट म्हणजे २०१६ साली गाजलेली 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही घोषणा. डोकं तुमचं, मर्जी तुमची. फक्त पंपावर नळी मिळणार नाही.

लसीची खरीखुरी सक्ती बघायची तर ऑस्ट्रियात जावं लागेल. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस घेणं कायद्यानं भाग पाडलं. न घेतल्यास ३,६०० युरोपर्यंत दंड. घरात बसून राहिलात तरी कायदा तुम्हाला लागू. महिन्याभरातच, दंडाच्या पावत्या फाटायच्या आत, सरकारनं तो स्थगित केला आणि त्याच उन्हाळ्यात रद्दही केला. ओमायक्रॉन हा कोविडचा नवा प्रकार सौम्य निघाला, आता एवढी सक्ती प्रमाणाबाहेर आहे, असं कारण दिलं.

आपल्याकडे काय होतं? १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोसवाल्यांना मुभा मिळाली. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशानं सार्वजनिक वाहतूक, मॉल, कार्यक्रम अशा ठिकाणी दोन्ही डोसांची अट राज्यभर आली. कोल्हापुरात लोकल नाही, आणि एसटीचा संप चालू असल्यामुळे एसटीपुरता तो नियम बराचसा कागदावरच राहिला, हा भाग वेगळा. पण घरात येऊन कुणी दंड करत नव्हतं. केंद्र सरकारही कोर्टात हेच सांगत होतं की लस ऐच्छिक आहे.

आता मुद्द्याचं. २ मे २०२२ रोजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या सुप्रीम कोर्टातल्या पीठानं, लसीच्या अटींना आव्हान देणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात सक्ती आणि अट या दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं आहेत. लोक ती एकाच पातेल्यात घालून ढवळतात.

सक्तीचं उत्तर हक्कातून आलं. स्वतःच्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात येतो, म्हणून कुणालाही जबरदस्तीनं लस टोचता येणार नाही. हे उत्तर साथ वाढली की एक आणि ओसरली की दुसरं, असं होत नाही.

अटीचं उत्तर मात्र पुराव्यातून आलं. कोर्टानं आधी मान्य केलं की, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर वाजवी मर्यादा घालू शकतं. म्हणजे अट घालण्याचा अधिकार कोर्टानं काढून घेतला नाही. मग विचारलं की, ही अट आज वाजवी आहे का? लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त संसर्ग पसरवतो, हे दाखवणारी आकडेवारी सरकारांनी समोर ठेवली नव्हती. रुग्णसंख्याही उतरली होती. तेव्हा संख्या कमी आहे तोवर या अटींचा फेरविचार करा, अशी सूचना आली. 'तोवर' हा शब्द फॉरवर्ड होता होता गळून पडतो. लसीकरणाचं धोरण मनमानी नाही, हेही त्याच निकालात आहे. लसीनंतरच्या त्रासाची माहिती लोकांना बघता येईल अशी ठेवा, हेही आहे. पहिल्या काकांना यातलं एक आवडत नाही, माझ्या डॉक्टर मित्राला दुसरं.

आणि गंमत म्हणजे, निकाल आला तेव्हा महाराष्ट्रातले निर्बंध उठून महिना झाला होता. गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्य सरकारनं ते स्वतःच काढून टाकले होते.

हेल्मेटचं उदाहरण एवढ्यापर्यंतच चालतं. हेल्मेट घरी आल्यावर खुंटीला अडकवता येतं, लस परत काढून ठेवता येत नाही. म्हणून स्वातंत्र्यवाल्यांचा आक्षेप मी कधी हसण्यावारी नेत नाही. उलट बाजूनं, हेल्मेटनं वाचलं तर आपलंच डोकं वाचतं. लसीच्या अटीचा सगळा आधार शेजारच्याच्या जिवावर उभा होता, आणि तो आधारच ओमायक्रॉनच्या लाटेत ढिला झाला. लस गंभीर आजारापासून वाचवत राहिली, पण संसर्ग थांबवण्यात कमी पडायला लागली. ज्यानं त्यानं स्वतःसाठी घ्यायला कारण शिल्लक होतं, दुसऱ्याला दारात अडवायला उरलं नाही.

अट आणि सक्ती यांतली रेघ नेहमीच स्पष्ट असते असंही नाही. माझ्या मावसभावाला तो काम करत होता तिथल्या मालकानं सांगितलं, "दोन डोसचं सर्टिफिकेट दाखव, मगच कामावर ये." कागदावर ही अट. पण घरात दोन लेकरं, खोलीभाडं थकलेलं. त्याला दुसरं दार कुठलं होतं? मॉलमध्ये न जाता माणूस जगतो, पगाराशिवाय नाही. म्हणून माझा आपला नियम : दुसरं दार खुलं असेल तरच मी तिला अट म्हणतो. मावसभावानं लस घेतली. घेतली ते बरंच झालं असं मला वाटतं, पण मालकाचं वागणं मला पटलेलं नाही.

अमेरिकेचे दाखले देणाऱ्यांनी तर फारच वैताग आणलाय. १३ जानेवारी २०२२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं शंभर किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांवरचा नियम रोखला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या नियमात दुसरं दार होतं : लस नको तर दर आठवड्याला तपासणी आणि मास्क. तो रोखला गेला तो व्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर नाही. कामगार सुरक्षेच्या खात्याला एवढा अधिकार संसदेनं दिलेला नाही, या मुद्द्यावर. त्याच दिवशी त्याच कोर्टानं सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठीचा लसीचा नियम ५ विरुद्ध ४ असा चालू ठेवला. हा अर्धा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही. सैन्यातला हुकूम जानेवारी २०२३ मध्ये मागे घेतला गेला, तो तिथल्या संसदेनं कायदा करून भाग पाडलं म्हणून. तोवर आठ हजारांवर सैनिक घरी गेले होते.

आता नवा फॉरवर्ड फ्लोरिडाचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या राज्यानं शाळाप्रवेशासाठीच्या लसींसकट सगळ्या लसींची बंधनं काढण्याचा इरादा जाहीर केला. पहिले काका म्हणाले, "बघा, कोविडसारखंच." शाळेची ती अटच आहे, एवढं त्यांचं बरोबर. पण अट पुराव्यावर तोलायची तर गोवराचा पुरावा बघावा लागतो. गोवर लसीचे दोन डोस सुमारे ९७ टक्के संरक्षण देतात आणि संसर्गाची साखळीही तोडतात. वर्गातल्या ज्या बाळाला आजारपणामुळे लस देताच येत नाही, ते इतरांच्या लसीवर जगतं. ओमायक्रॉनच्या काळात ढासळलेला आधार इथे जागच्या जागी आहे. मी हे सांगेपर्यंत काका पुढच्या बाकावर गेले होते, तिथे हेल्मेटचा विषय चालू होता.