अंगच्छेदन व पुनर्रचना

अंगच्छेदन : अपघात, कोथ (गँग्रीन), मधुमेह किंवा कर्करोग यांमुळे निकामी झालेला हात-पाय अथवा त्याचा भाग शस्त्रक्रियेने काढणे. तुटलेला भाग पुन्हा जोडणे, खुंट (कापल्यावर उरलेला भाग) घडवणे व कृत्रिम अवयव बसवणे हे पुनर्रचनेत येते.

इतिहास : देववैद्य अश्विनांनी विश्पलेला ‘आयसी जंघा’ (धातूचा पाय) दिल्याचा ऋग्वेदातील (१.११६.१५) उल्लेख कृत्रिम पायाचा सर्वांत जुना दाखला म्हणून सर्रास दिला जातो. मात्र ‘अयस्’ म्हणजे लोखंडच की कोणताही धातू, याविषयी एकमत नाही. विश्पला ही स्त्री नसून शर्यतीची घोडी, असेही काही अभ्यासक मानतात. ऋचेत शस्त्रक्रियेची कृती नसल्याने तिला आख्यान मानणेच सयुक्तिक. सुश्रुतसंहितेचा (बहुधा इ.स.पू. सहावे शतक ते इसवी सनाची आरंभीची शतके, आजचा पाठ नंतरच्या संस्करणाचा) आधार अधिक भक्कम आहे. तीत छिन्न नाक गालाच्या त्वचेने घडवण्याची रीत आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ने पुण्याकडच्या ज्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापले, तिच्यात कातडे कपाळाचे होते. त्यामुळे दोहोंत सरळ परंपरा जोडणे घाईचे वाटते.

खानदेशातील अपघात : शेतीच्या यंत्रांत कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि उसाचा चरक विशेष घातक. कुट्टीत पेंढी रेटताना बोटे दातेरी रुळांत सापडतात. रूळ हात आत ओढतात आणि फिरते पाते त्याचे तुकडे पाडते. मोटर बंद केल्यावरही जड चाक काही वेळ फिरत राहते. ते थांबल्यावर उलटे फिरवून हात सोडवावा, हिसका देऊ नये. पात्याने साफ तुटलेले बोट जोडता येते. चरकात चेंगरलेल्या हाताच्या रक्तवाहिन्या आतून फाटलेल्या असतात, म्हणून तो सहसा जोडता येत नाही.

तुटलेला भाग सलाइनने ओलसर केलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून बंद पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट लागला तर पेशी गोठून मरतात. हळद, माती लावू नये. असे थंड ठेवलेले बोट साधारण २४ तास टिकते, तसेच ठेवले तर १२. स्नायू असलेला हात थंड न ठेवल्यास ६ तासांतच हातचा जातो. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून निघालेल्यांचे हे तास घाटातच सरतात. म्हणून पहिल्या दवाखान्यात रक्तस्राव दाबून थांबवावा, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यावे व रुग्णाला लगेच पुढे धाडावे.

गुडघ्याखालील छेदन : शक्य तेथे गुडघा राखावाच. त्याखाली कापल्यास चालताना सुमारे चौथाई जादा शक्ती खर्चते, वर कापल्यास निम्म्याहून अधिक. प्रौढात नडगीचे हाड सांध्याखाली साधारण १२ ते १५ सेंमी.वर कापतात, शेजारचे बारीक हाड त्याहून १ ते २ सेंमी. गुडघ्याकडे. नडगीची पुढची धार कानशीने गोल न केल्यास ती कातडी आतून भोसकते. मोठ्या रक्तवाहिन्या दुहेरी बांधतात. चेता (मज्जातंतू) हलकेच ओढून धारदार पात्याने कापतात व वर स्नायूंत सरकू देतात. चेतेचे टोक व्रणात अडकले तर तेथे गाठ धरते आणि साच्यात (कृत्रिम पायाच्या ज्या पोकळीत खुंट बसतो तीत) प्रत्येक पावलाला कळ येते. पोटरीच्या कातडी-स्नायूंचा लांब पडदा हाडावरून पुढे आणून शिवतात.

नंतरची निगा : टाके २ ते ३ आठवड्यांनी काढतात. आराम पडावा म्हणून घरचे गुडघ्याखाली उशी देतात. त्याने सांधा वाकडा आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय बसत नाही. खुंटावरची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात, टोकाशी घट्ट व वर सैल बांधावी. सूज उतरत जाईल तसा साचा ढिला होतो, म्हणून पहिला साचा बहुधा वर्षाच्या आत बदलावा लागतो.

जयपूर फूट हा कृत्रिम पाय (१९६८, प्रमोद करण सेठी व रामचंद्र शर्मा) बुटाविना वापरता येत असल्याने काळ्या रानात आणि रावेर-यावलच्या ओल्या केळीबागांत सोयीचा ठरतो, उकिडवेही बसता येते. वैशाखातल्या घामाने साच्यात कातडी सोलते. तेव्हा खुंटावरचा मोजा दिवसातून दोनदा बदलावा, आणि मधुमेहींनी खुंट रोज संध्याकाळी आरशात पाहावा, कारण त्यांना फोड दुखत नाही.