विंध्य खडकांचे वय आणि झिरकॉनची साक्ष

१९९८ साली मध्य भारत ते राजस्थानात पसरलेल्या विंध्य खडकांच्या वयावरून मोठी खडाजंगी झाली. चोरहाट वालुकाश्मातल्या खुणा १०० कोटी वर्षांहून जुन्या प्राण्यांच्या आहेत, असे एका गटाने मांडले. त्याच वर्षी रोहतास चुनखडकातून कँब्रियन, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचे वाटणारे कवचधारी जीवाश्म जाहीर झाले. आणि दोन्ही थर खालच्या विंध्यातलेच!

२००२ मध्ये सोन खोऱ्यातल्या ज्वालामुखी राखेच्या थरांनी निकाल दिला. त्यांतल्या झिरकॉन या खनिजाचे युरेनियम-शिसे वय (आतल्या युरेनियमचे किती शिसे झाले, यावरून काढलेले) सुमारे १६३ कोटी वर्षे आले. राखेतला झिरकॉन बहुधा उद्रेकाच्या सुमारासच तयार होतो, म्हणून त्याचे वय तेच थराचे वय.

वरच्या विंध्यात अशी सोयीची राख हाती लागली नव्हती. उरले वालुकाश्मात वाहून आलेले कण. काही किलो दगड फोडून चाळायचा, जड द्रवात बुडवायचा (झिरकॉनची घनता सुमारे ४.६, क्वार्ट्झची २.६५, म्हणून झिरकॉन तळाशी बसतो), चुंबकीय खनिजे काढायची, कण राळेत बसवून घासायचे आणि २०-३० मायक्रॉनचा लेसर ठिपका मारून त्यांचे वय मोजायचे. वेचताना मोठे, सुबक, पारदर्शक कणच घेतले की नमुना तिथेच बिघडतो. खडकातल्या ५ टक्के वाट्याचा एकही वयोगट सुटू नये, याची ९५ टक्के खात्री हवी तर निदान ११७ कण मोजावे लागतात.

सर्वांत तरुण कणावर मात्र भिस्त ठेवू नये. त्यातून शिसे निसटलेले असले तर तो खोटाच तरुण दिसतो. एकमेकांशी जुळणारे निदान तीन कण हवेत.

राजस्थानातल्या वरच्या भांडेर वालुकाश्मात २००८ साली सर्वांत तरुण गट सुमारे १०२ कोटी वर्षांचा निघाला. यातून एवढेच ठरते की खडक त्याआधीचा नाही. तरुण कण न मिळणे म्हणजे खडक जुना, असे नव्हे. आसपास तरुण ग्रॅनाइट उघडे पडलेच नसतील, तर वाळूत ते येणार कुठून? निक्षेपण, म्हणजे गाळ साचणे, १०० कोटी वर्षांच्या सुमारास संपले, हा निष्कर्ष म्हणूनच एकट्या झिरकॉनवर उभा नाही. पन्नाजवळच्या हिरेवाल्या माझगवान नळीचे (खालून वर घुसून थिजलेल्या ज्वालामुखी खडकाच्या खांबाचे) वय सुमारे १०७ कोटी वर्षे आहे आणि तिची पुराचुंबकीय दिशा (खडक बनताना त्यात गोठलेली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा) वरच्या विंध्यातल्या भांडेर-रेवा थरांशी जुळते. ती नळी त्यांच्याखालच्या कैमूर थरांत घुसलेली असल्याने कैमूर तिच्याहून जुना, हेही पक्के. भांडेरच्या बाबतीत खरा वाद अजून या चुंबकीय जुळणीवरच आहे.