एका पातेल्यातला क्रीमी पास्ता

पास्ता, भाज्या, पाणी आणि दूध एकाच भांड्यात शिजवून, पाणी ओतून न देता त्याचाच दाट सॉस करण्याची घरगुती पद्धत. मुंबईत तिला ‘वन पॉट पास्ता’ म्हणतात. घरात मुले ‘व्हाइट सॉस पास्ता’ म्हणूनच मागतात; पण व्हाइट सॉस म्हणजे लोण्यात मैदा परतून त्यात दूध घालून केलेला सॉस, आणि या पद्धतीत मैद्याची गरजच पडत नाही.

इटालियन रीत वेळलेल्या भातासारखी आहे. १०० ग्रॅम पास्त्याला साधारण एक लिटर पाणी, त्यात सुमारे १० ग्रॅम मीठ. शिजला की पाणी काढून टाकायचे. एका पातेल्यातला पास्ता मोजून पाणी घातलेल्या भातासारखा. पेज वाया जात नाही, ती आतच आटते. पास्ता बनतो ड्युरम गव्हाच्या रव्यापासून. आपला बन्सी गहू त्याच जातीचा. हा रवा शिजताना त्यातला स्टार्च फुगतो, थोडा पाण्यात उतरतो आणि पाणी दाट होते. वरणफळांत, म्हणजेच चकोल्यांत, हेच घडते: कणकेच्या शंकरपाळ्या उकळत्या आमटीत सोडल्या की आमटी आपोआप घट्ट होते. ज्या घरात वरणफळे होतात त्या घराला हा पास्ता शिकवावा लागत नाही, फक्त नाव सांगावे लागते.

पाश्चात्त्य घरांत ही पद्धत गाजली ती २०१३ च्या सुमारास, अमेरिकेतल्या पाककृती-लेखिका मार्था स्टुअर्ट यांच्या कृतीमुळे. त्या कृतीत क्रीम नव्हते. क्रीमशी जोडले जाणारे ‘अल्फ्रेडो’ हे नावही मूळचे बिनक्रीमचे: रोममधल्या अल्फ्रेडो दि लेलिओ यांचा पास्ता लोणी आणि पार्मेसान चीजवरच होत असे.

कृती. चौघांसाठी २५० ग्रॅम पेने (आखूड नळ्यांचा पास्ता), म्हणजे ५०० ग्रॅमचे अर्धे पाकीट. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर लोणी, पाच-सहा ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मग कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे. भाजी अर्धवट परतली की पास्ता आणि ५०० मिलिलिटर गरम पाणी. झाकण ठेवून सात-आठ मिनिटे, मधून मधून ढवळत. नंतर २५० मिलिलिटर दूध, आच मंद. दूध आधीच घातले तर ते हमखास खालून लागते, आणि करपल्याचा वास कितीही ओरेगॅनो घातला तरी जात नाही. (ओरेगॅनो विकत आणणारी घरे कमीच. पिझ्झासोबत आलेल्या पुड्या फ्रिजच्या दारात साचलेल्या असतात, त्याच कामी येतात.)

मीठ हाताने जरा राखूनच घालावे. नेहमीच्या पद्धतीत बरेचसे मीठ पाण्याबरोबर मोरीत जाते, इथे सगळे ताटात येते. शिवाय चीज खारट असतेच.

क्रीम सर्वांत शेवटी, गॅस बंद करून. बाजारात सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो. इतके पातळ क्रीम खळखळ उकळले किंवा आंबट टोमॅटोत पडले की फाटू शकते. म्हणून ‘पिंक सॉस’ करायचा तर टोमॅटो आधी पूर्ण शिजवून त्याचे पाणी आटवावे, दूध टाळून पाणीच वाढवावे, आणि क्रीम उतरवल्यावर घालावे. क्रीमऐवजी फेटलेली सायही चालते, पण ती तुपासाठी साठवलेली असते आणि तिचा हिशेब घरातल्या ज्येष्ठ बाईकडे असतो, विचारून घ्यावी. चीज म्हणून प्रोसेस्ड क्यूबच या कामाला बरे, शुद्धतावादी काहीही म्हणोत. त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या क्षारांमुळे, ते एकजीव वितळते. मोझरेलाच्या मात्र तारा निघून गोळा होतो.

चूक बहुधा उतरवण्याच्या वेळेत होते. पातेल्यात सॉस हवा तितका दाट दिसेपर्यंत थांबले, तर ताटात येईपर्यंत त्याचा गिच्च गोळा झालेला असतो. पळीवरून ओघळेल इतका पातळ असतानाच गॅस बंद करावा. पाकिटावरची वेळ मुंबईत बऱ्यापैकी खरी ठरते, कारण समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळत असल्याने तिथे दोन-तीन मिनिटे जास्त लागतात.

मुंबईत ही पद्धत रुजण्याचे कारण चवीपेक्षा मोरीत आहे. दोन शेगड्यांचा ओटा, एकीवर उद्याच्या डब्याची उसळ, आणि लोकलमधून साडेआठला घरी आलेला माणूस. चाळणी, सॉसचे पातेले, उकळण्याचा टोप अशा तीन भांड्यांऐवजी एकच घासावे लागते. घाई असेल तर कुकरही चालतो: एक शिट्टी, आणि वाफ लगेच काढायची. पास्ता थोडा मऊ होतो, पण मुलांना तसाच आवडतो. शेजारी जैन असतील तर एक वाटी कांदा-लसणाशिवाय, मिरपूड आणि ढोबळी मिरचीवर, आधी वेगळी करावी लागते, आणि तेव्हा पातेली दोन होतात.

उरलेला पास्ता रात्रीत दगड होतो, कारण गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. सकाळी पाव कप दूध घालून मंद आचेवर मोकळा केला की डब्यात देता येतो. दुपारी तो गारच खाल्ला जाणार असेल, तर दूध थोडे जास्त.